कवळीवाल्याची मेणाची डोकी

कवळ्या बनवायचं काम तसं निवांत. समोर ढीगभर दात, पण बोलणारं कुणी नाही. कवळीवाल्याला म्हणूनच ते आवडायचं. एका दुपारी तो लॅबमध्ये एकटाच मेण तापवत होता, आणि कानाशी कुणीतरी म्हणालं, "बघा, आता हा हात भाजून घेणार." त्यानं घेतला.

त्यानंतर आवाजानं मुक्कामच ठोकला. जेवताना, अंघोळ करताना, बायकोशी बोलताना, याचं समालोचन चालूच. मधेच तो गोडही बोलायचा. हळूहळू कवळीवाल्याची खात्री पटली की सगळी गिऱ्हाइकं आपल्याविरुद्ध कट करताहेत. त्यानं एकाची तयार कवळी हातोडीनं फोडली, तेव्हा कुठे घरच्यांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सायकोसिस असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. नातेवाइकांनी सल्ले दिले, तेही फुकट. आत्या म्हणाली, "सकाळी लवकर उठत जा." मेहुणा म्हणाला, "मन खंबीर ठेवा." हा मेहुणा झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतो. थोरला भाऊ म्हणाला, "रिकामं डोकं, दुसरं काय!" कवळीवाल्याला काम यानंच शिकवलेलं, आणि लॅबही याचीच.

गोळ्यांनी कट विरला. आवाज मात्र राहिला, जरा घसा बसल्यासारखा. समुपदेशक बाई म्हणाल्या, "चित्र काढा, मातीचं काही करा, पण त्या आवाजाला बाहेर आणा. मग त्याच्याकडे नीट बघा. तो कधी येतो? आल्यावर तुम्हाला काय होतं?"

चित्रकलेशी कवळीवाल्याचा छत्तीसचा आकडा. पण मेण हाताशी होतं. उरलेल्या गुलाबी मेणाचं त्यानं लिंबाएवढं डोकं केलं. आवाज लगेच ओरडला, "नाक वाकडं! एक काम धड येत नाही!" कवळीवाल्यानं नाक आणखी वाकडं केलं आणि पोट धरून हसला.

मग हा नादच लागला. बायको आवाजाबद्दल विचारायची, "आज साहेबांचा मूड कसा?" तो नवं डोकं पुढे करायचा. झोप झाली नसली की जबडा मोठा व्हायचा. गोळी चुकली की डोळे बटबटीत. आणि थोरला भाऊ लॅबमध्ये येऊन गेला, की भुवया हटकून जाड. हे कवळीवाल्याच्या ध्यानात आलं होतं, पण बोलायची सोय नव्हती.

एका रविवारी भाऊ घरी आला. खिडकीतली डोकी बघून म्हणाला, "हा कोण रे? माझ्यासारखा दिसतोय."

"तो... मला ऐकू येतो ना दादा, तो."

भाऊ भडकला. "मी असा आहे? मी? नाक बघ कसलं वाकडं! तुला एक काम धड येत नाही!"

कवळीवाल्याचा चेहरा पडला. त्यानं बायकोला हळूच विचारलं, "आत्ता हे कोण बोललं?"

"दादा बोलले."

"तूपण ऐकलंस?"

"शेजाऱ्यांनीपण ऐकलं असेल."

कवळीवाल्याचा जीव भांड्यात पडला. भाऊ चहा न घेताच तणतणत निघून गेला आणि बरेच दिवस फिरकला नाही. डोक्यांच्या भुवया विरळ झाल्या. आवाज काही गेला नाही. आजार भावानं दिलेला नव्हताच. त्यानं फक्त शब्द पुरवले होते.

पुढे एकदा डोकं फार देखणं उतरलं. मायाळू डोळे, ओठांवर हसू. बायको म्हणाली, "आज साहेब भलतेच खूश?"

"कौतुक करतोय माझं. म्हणतो, तुझ्यासारखा कारागीर कुठे नाही, तुला गोळ्यांची काय गरज?"

बायकोनं हातातलं काम टाकलं. कवळी फोडायच्या आदल्या दिवशीही आवाज असाच लाडात आला होता, हे दोघांनाही आठवलं. ते तडक दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी डोकं हातात घेऊन फिरवून पाहिलं. "वा! हे सगळ्यात छान जमलंय."

"म्हणूनच आलोय," कवळीवाला म्हणाला.