वुबालेमच्या बाटल्या

डूख धरावा तर नागिणीनं, नाही तर वुबालेमनं. तिनं ओढ्याचं पाणी मोजायचं काम घेतलं ते काही चार पैशांसाठी नव्हे. घेतलं ते वरच्या अंगाला नांगरणाऱ्या झेगेयेचा गळा धरायला.

झेगेयेच्या वावरात पाणी साचायचं, म्हणून त्यानं उतारावरून सरळ खाली एक चर काढून ओढ्यात सोडला. बैलांना सोपं, त्याला सोपं. तीन पावसाळ्यांत ओढ्याची घळ झाली. घळीनं वुबालेमचं टेफच्या धान्याचं निम्मं वावर गिळलं आणि आता ती घराच्या उंबऱ्यापासून वीस पावलांवर आली होती. नवरा गेलेला, दुसरी जमीन नाही. घर गेलं तर लेकीच्या सासरी जाऊन तुकडे मोडायचे. चर बुजव म्हणून ती चार वेळा सांगून आली. झेगेये चर्चच्या दारात सगळ्यांदेखत म्हणाला, "पाऊस देव पाडतो, वुबालेम. भांडायचं तर त्याच्याशी भांड."

देवाशी तिचं भांडण नव्हतं.

पाणीखात्याच्या माणसांनी ओढ्यात आकडे रंगवलेली पट्टी रोवली आणि गावातलं कुणी तरी रोज वाचायला हवं म्हणाले. वुबालेम पुढे झाली. तुला आकडे येतात का, असं विचारलं, तर म्हणाली, शंभरापर्यंत येतात, आणि त्याच्या वर पाणी गेलं तर वाचायला मी नसेनच. मंडळी हसली आणि काम तिला मिळालं. रोज पट्टी वाचायची, पूर आला की चराच्या वर नि खाली एकेक बाटली गढूळ पाणी भरायचं, माती खाली बसली की बोटांनी मोजून वहीत मांडायची.

महिनाभर तिनं आपल्या वावराशी बाटल्या भरल्या. खिडकीत रांग लागली, प्रत्येकीच्या तळाला चार बोटं माती. येता-जाता तिकडे बघून तिचं पोट भरायचं. मग झोळीत घालून त्या तिनं गावच्या पंचांपुढे मांडल्या. चर्चचे म्हातारे धर्मगुरू अब्बा केफ्याल्यू पंचांत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, चराच्या वरच्या पाण्याची बाटली कुठाय?

ती नव्हतीच. खात्यानं दोन्हीकडची सांगितली होती, पण रागाच्या भरात वुबालेम वर गेलीच नव्हती. झेगेये मिशीत हसला. "कुठल्या डबक्यात बुडवून आणल्यात कुणास ठाऊक."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गारा पडोत की वीज, ती गोणपाट डोक्यावर घेऊन चराच्या वर चढायची, तिथली बाटली भरायची, मग खाली यायची. एकदा घसरून गुडघा फोडून घेतला, पण बाटली नाही फुटू दिली. एका पुरात तर तिनं अब्बांनाच छत्रीसकट काठावर उभं केलं. वरच्या बाटलीत एक बोट माती, खालच्या बाटलीत चार.

आता पंचांकडे जायचं. पण ती गेली नाही. तिनं अब्बांना, दोन पंचांना आणि झेगेयेला कॉफीला बोलावलं. जमिनीवर हिरवं गवत पसरलं, कॉफीच्या बिया भाजल्या, भाजलेले जव पुढे ठेवले. आमच्यात कॉफी तीनदा उकळते आणि तिसरा पेला बरकतीचा. तो न पिता उठलेला माणूस घराचा आशीर्वाद लाथाडून जातो.

पहिले दोन पेले गोडीगुलाबीत गेले. झेगेयेनं कॉफीची तारीफसुद्धा केली. तिसऱ्या खेपेला वुबालेमनं खिडकीतली चराच्या खालच्या पाण्याची बाटली घेतली, सगळ्यांसमोर खळखळून हलवली आणि कॉफीच्या सुरईत ओतली. उकळली. पहिला पेला झेगेयेपुढे धरला.

त्यानं आत पाहिलं. "ह्यात चिखल आहे."

"तुमच्याच वावरातला आहे, गाशे. घरची चव." थोरल्याला आम्ही म्हणतो ते 'गाशे' तिनं मुद्दाम गोड आवाजात म्हटलं.

"माझा कशावरून?"

"मग नका पिऊ," ती म्हणाली. "माझ्या घळीत तीन वर्षांचा साठलाय. तुमचा नाही, असं अब्बांसमोर म्हणा. उद्या गावातल्या बायका टोपल्या भरून आपापल्या वावरात नेतील, नि तुम्ही दगडाला नांगर लावा."

तीन वर्षांत त्याच्या वावरात खाली खडक उघडा पडला होता, ते बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अब्बांनी वरची बाटली उचलून खालच्या रिकाम्या बाटलीशेजारी ठेवली आणि झेगेयेकडे बघत राहिले. झेगेयेनं पेला उचलला, डोळे मिटले आणि पिऊन टाकला. दातांत कचकच वाजलेली वुबालेमला ऐकू आली. इतकं गोड तिनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

चर बुजवायचं पंचांनी ठरवलं. आठ दिवस झेगेये स्वतः राबला आणि उताराला आडवे दगडी बांध घातले. वुबालेम रोज काठावर बसून बघायची, पाणीही विचारायची नाही. पुढच्या पुरात वर एक बोट माती, खाली दीड. घळ उंबऱ्यापासून अठरा पावलांवर थांबली.

माफ केलं का? छे. तिनं चार बोटांची एक बाटली बूच घट्ट लावून कॉफीच्या पेल्यांशेजारी ठेवली आहे. झेगेये अजून सणावाराला येतो. तिसऱ्या पेल्यापर्यंत बसतो. फक्त पिण्याआधी आत बघतो, मग बाटलीकडे बघतो. वुबालेम म्हणते, "प्या, गाशे. आज विहिरीचं आहे."