वेशीवरलं वानर

आमच्या घरी एकच बैल होता. शेजारच्यांचा बैल सावडीनं, म्हणजे आळीपाळीनं, मिळाला, तरच आमचं औत चालायचं. आज पोळ्याला माझ्या मुलानं बैलांच्या शिंगांना वार्निश लावलं आणि त्या वासासरशी अंबडकडचा आमचा जुना पोळा डोळ्यापुढं आला.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मित्राचा कॅमेरा आणला होता आणि रिळात एकच फोटो उरला होता. पाटलांनी सांगून ठेवलं होतं, त्यांची मानाची जोडी तोरणाखालून जाताना तो काढायचा. बापाचा बैल बघून ते खेकसले, "ते एकटं जनावर कडंला घे रे! फोटूत कशाला घाण?"

बाप बैल घेऊन वेशीच्या कडेला सरकला. माझं डोकं भडकलं. अजूनही भडकतं. वर्षभर राबणारं जनावर घाण कसं?

तेवढ्यात वेशीवर वानर उतरलं, तोरण उचकटून आंब्याची पानं खाऊ लागलं. मानाची जोडी बुजून जागीच थांबली. तोरणाचं सुटलेलं टोक आमच्या बैलापुढं लोंबलं, त्यानंही ते तोंडात धरलं. वरून वानर ओढतंय, खालून बैल!

मी बटण दाबलं.

"आरं, आमची जोडी काढ की!" पाटील ओरडले.

"आता न्हाई जमत पाटील, रीळ संपलं."

"चार बुकं शिकलास म्हणून मस्ती आली का?"

"तसंच समजा."

पुढं मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. तो फोटो एका मासिकात छापून आला आणि त्याखाली बैलाचे मालक म्हणून माझ्या बापाचं पूर्ण नाव होतं.