फाटलं म्हणजे

साक्रीच्या बाजारपेठेमागे तोताराम बोरसे यांची दोन खोल्यांची लॅब होती. सतरा वर्षं काचेवर डोळे लावून त्यांची मान कायमची पुढे झुकलेली. दिवस गेलेत का, हे पाहायला आलेल्या बायांना ते एकाच शब्दात निकाल सांगत. काळ्या काचेवर लघवीचा थेंब आणि औषध मिसळून हलवलं की कधी पांढरे कण गोळा होत, नासलेल्या दुधासारखे. त्याला ते 'फाटलं' म्हणत. फाटलं म्हणजे काही नाही. दुधासारखं एकजीव राहिलं म्हणजे दिवस गेलेत.

एक्क्याण्णव साली नवं औषध आलं. धुळ्याच्या विक्रेत्यानं समजावून सांगितलं. यातल्या अँटीबॉडी खास निवडून वाढवलेल्या. गरोदरपणाचा एकच पदार्थ त्या ओळखतात, बाजारातल्या शंभर शेळ्यांत बाई आपली शेळी ओळखते तशा. पूर्वी त्या बाटलीत मोकळ्या असत. लघवीत तो पदार्थ असला की त्यालाच चिकटून बसत, आणि कणांना गोळा करायला कोणी उरत नसे. आता त्या कणांवरच बसवलेल्या. पदार्थ आला की चहूकडून त्याला धरतात, म्हणून कण गोळा होतात. थोडक्यात, सगळं उलटं झालं होतं. जुना डबा निळा होता, नवा लाल.

चार दिवस तोतारामभाऊंनी बरोबर वाचलं. पाचव्या दिवशी बाजार होता. सकाळपासून तापाचे तीस-बत्तीस रुग्ण झाले होते आणि डोळ्यांत रेती गेल्यासारखं वाटत होतं. तेव्हा पिंपळनेरच्या पुढून प्रमिलाबाई आली. लग्नाला नऊ वर्षं, दोनदा दिवस राहून गर्भ गेलेला. भाऊंनी काच हलवली आणि सवयीनं म्हणाले, "फाटलं, बाई." आणि 'नाही' असं चिठ्ठीवर लिहून दिलं.

ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेली, तिथं पाळी येण्याच्या दहा गोळ्या मिळाल्या, दिवस गेलेले असताना घेऊ नयेत अशा.

चारच्या सुमारास काचा धुताना भाऊंचा हात थांबला. टेबलावरचा डबा लाल होता.

मुलांनी भरलेल्या सायकलींच्या आणि टोपल्यांच्या गर्दीतून ते तिला गाठायला एसटी स्टँडवर पोचले, तेव्हा प्रमिलाबाई बाकावर बसली होती. शेजारी गोळ्यांची पुडी. नवरा चिंधा नळावरून तांब्या भरून येत होता.

"बाई, गोळी घेतली का?"

"नही भाऊ. पानी आनाले गयतात ह्या."

तोतारामभाऊ तिच्यासमोर उभे राहिले. बसायची इच्छा होती, पण बसले नाहीत. "घेऊ नका. मी चूक वाचलं. औषध नवं आहे, त्यात फाटलं म्हणजे दिवस गेलेत. चिठ्ठी चुकीची आहे. चूक माझी आहे, डॉक्टरांची नाही."

तिनं मान वर केली. "भाऊ, दुपारले म्हनतस नही, आते म्हनतस शे. कोनता शब्द खरा?"

"आताचा. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. सकाळी परत या, तुमच्यासमोर दोनदा तपासतो."

चिंधानं तांब्या खाली ठेवला. "म्हंजे दूध फाटनं ते पेढा वाटू का, भाऊ?"

"सकाळपर्यंत थांबा," भाऊ न हसता म्हणाले.

प्रमिलाबाईनं पुडी उचलून त्यांच्या हातात ठेवली. "हाई तुमीच ठेवा. मना जोडे नको."

बस लागली. ती चढताना चिंधानं तिचा हात धरला; येताना धरला होता की नाही, हे भाऊंना आठवेना.

ते डॉक्टरांकडे गेले, चूक सांगितली, नवी चिठ्ठी लिहिली. मग लॅबच्या पायरीवर बसून पुडी उघडली. गोळ्या दहा होत्या. डोळे इतके शिणले होते की त्यांनी पुन्हा मोजल्या. दहाच होत्या.

आत खिडकीपाशी लघवीच्या सहा बाटल्या अजून तपासायच्या होत्या. भाऊ उठले, लाल डब्यावर खडूनं 'फाटलं = आहे' असं लिहिलं, आणि दिवा लावला.