कोरा राहिलेला हात

ज्वारी घरात आली की मला शिंका सुरू व्हायच्या, आणि माझ्या धाकट्या जावेलाही. धूळ एकच, पण तिचा नवरा परभणीला कारकून, म्हणून तिच्या शिंकांना आजार म्हणत. माझ्या शिंकांना सासूबाई नखरे म्हणायच्या.

दिरांनी तिला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. तिथं हातावर सुया टोचून नाकाला काय सोसत नाही ते बघत. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीला बी ने. खरंच काही निघालं तर पाखडायला बाई लावते."

मला तेवढंच हवं होतं.

दीर म्हणाले, "वहिनी, आठ दिवस शिंकांची गोळी बंद. न्हाईतर हातावर काहीच उठत न्हाई."

सात दिवस मी पाळलं. जायच्या दिवशी आगगाडीत जाऊ शिंकली, तसा दिरांनी स्वतःचा रुमाल तिच्या हातात दिला. माझे मालक घरीच होते. असते तरी रुमाल दिला नसता. मी पदरानं नाक पुसत राहिले. समोरची बाई लेकराला घेऊन सरकून बसली. परक्या डॉक्टरापुढं असं गळतं नाक घेऊन, हात उघडा करून बसायचं? आणि शेजारी ही, रुमालवाली? पदराच्या गाठीतली गोळी मी पाण्याशिवाय गिळली.

दवाखान्यात हातावर थेंब ठेवून सुया टोचल्या. थोड्या वेळानं तिच्या गोऱ्या हातावर लाल गांधी उठल्या. माझा हात कोरा.

"गोळी घेतली होती का, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत दीर म्हणाले, "न्हाई साहेब, आठ दिवस बंद हाय. मी स्वतः बजावलं होतं."

मी खाली बघून मान हलवली. नाही.

घरी आलो त्या संध्याकाळी गल्लीतल्या बाया तिचा हात बघायला आल्या. गांधींची लाली अजून होती; ती कधी मावळते याची मी वाट बघत होते. सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "थोरलीला काय बी झालं न्हाई. डाक्टरच म्हणला." दोघींची ज्वारी माझ्या सुपात आली.

एका दुपारी मी एकसारखी शिंकत होते. जाऊ ओट्यावरून उठून आली. "अक्का, लय शिंकायलात. हे बांधा." आणि तिनंच माझ्या नाकावर रुमाल बांधला. तोच, आगगाडीतला. साबणाचा वास येत होता.

ती आत गेल्यावर मी गाठ सोडली, रुमालाची घडी करून दगडाखाली ठेवली आणि सूप उचललं.