डिफॉल्टची सोय

सदाशिव पेठेतल्या आमच्या प्रोग्रामिंगच्या क्लासला एक दिवस बदली शिक्षिका आल्या. नाव सांगितलं नाही. मार्कर मात्र पर्समधून स्वतःचा काढला. विषय होता स्विच स्टेटमेंट. प्रत्येक पर्यायाला वेगळी वाट द्यायची आणि काहीच जुळलं नाही, तर शेवटी डिफॉल्ट.

मी विचारलं, "सगळे पर्याय दिलेत, मग डिफॉल्ट कशाला?"

मार्करला टोपण लावत त्या म्हणाल्या, "आपलं शिक्षण?"

"मराठीत एम. ए. नोकरी मिळेना, म्हणून इकडे आलो."

"मग आपणच सांगा, कुठेच न बसणाऱ्यांची सोय करावी की नको?"

वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि माझा प्रोग्राम चालेपर्यंत उठल्या नाहीत. पुण्यात इतक्या आपुलकीने माझा अपमान दुसऱ्या कुणी केलेला नाही.