तहानलेलं भात

शाहूवाडीहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत ती पोरगी माझ्या शेजारी बसली, मांडीवर भाताच्या रोपांचा ट्रे घेऊन. माती भेगाळलेली, पानं सुरळीसारखी गुंडाळलेली. आमच्याकडे दारात आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात. त्यात माझी झाडांवर भारी माया. घरातली तुळस त्या मायेनंच कुजली. मी बाटली उघडली आणि ट्रेवर तिरपी केलीसुद्धा.

"काका, हात मागं घ्या की!" तिनं ट्रेवर पंजा धरला. तरी बोटांतून थोडं पाणी एका रोपाच्या कडेला गळालंच. ती ओढणीनं माती टिपू लागली.

"अगं, मरतील ना ती," मी पुटपुटलो.

"न्हाय मरत. डोंगरावरचं भात हाय हे. तहान लागली की ह्याच्यातली जनुकं जागी होत्यात आणि पान गुंडाळून आतलं पाणी राखत्यात. आज कॉलेजात तीच तपासायची हाईत. पाणी मिळालं की ती गप्प बसत्यात. मग माझं वरीसभराचं काम गेलं!"

त्या एका रोपावरून तिची नजर हलेना. खड्डा आला की दोन्ही हात ट्रेभोवती. माझ्या घशाला कोरड पडली होती, पण बाटलीला हात लावायची छाती होईना.

स्टँड आलं. तिनं वाकून त्या रोपाचं पान बोटानं चाचपलं. सुरळी तशीच होती.

"अजून तहानलेलंच हाय, काका!"

लेकरू पोटभर जेवलं हे सांगताना आईचा आवाज होतो, तसा तिचा झाला होता.