ओ भिया!

माझी धाकटी बहीण नीरजा इंदूरला पलासियात एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि रविवारी घरात बेवारशी पिल्लांचे फोटो काढते, कुणीतरी त्यांना घरी न्यावं म्हणून. या वेळचं पिल्लू एका चहाच्या टपरीवरचं. टपरी उठली, चहावाला गेला, पिल्लू राहिलं. घरमालकाने उद्यापर्यंतची मुदत दिलेली.

खिडकीतला उजेड चालला होता. फ्लॅश उडाला की पिल्लू पलंगाखाली! चाळीस फोटो काढले, सगळे हललेले.

"मोती, बैस ना रे!" नीरजाने पुन्हा कॅमेरा रोखला. "ताई, उद्या याला कुठे ठेवू?"

"मला काय विचारतेस? बैस म्हण, बैठ म्हण, काहीही म्हण!"

तेवढ्यात खाली कुणीतरी ओरडलं, "ओ भिया, गाडी साइड में लो!"

पिल्लू जागीच थांबलं. कान उभे, नजर दाराकडे. नीरजाने क्लिक केलं. फोटो सुरेख आला.

इंदुरात भैयाचं भिया होतं, आणि कुणीही कुणालाही तीच हाक मारतं; चहावाला यालाही भियाच म्हणायचा, हे तेव्हा कळलं. फोटोखाली तिने लगेच मोती खोडून भिया लिहिलं.

"नको गं," मी म्हटलं. "अख्खं इंदूर याला दिवसभर हाका मारणार, आणि त्यातली एकही याच्यासाठी नसणार."

पिल्लू अजून दाराकडेच बघत होतं.